पितळखोऱ्याचा यक्ष आणि कुमानोचा किनारा

पिशोरच्या उत्तरेला जी डोंगरओळ दिसते तिला भूगोलाच्या पुस्तकात अजिंठ्याचे डोंगर म्हणतात, सातमाळा असंही म्हणतात. आम्ही नुसतं 'डोंगर' म्हणतो. या डोंगराच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटण्या होतात. दक्षिण उतारावरचं पाणी आमच्या अंजना नदीत येतं, अंजना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि ते पाणी पार आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. उत्तरेच्या कड्यावरून कोसळणारं पाणी खानदेशात उतरतं, गिरणेतून तापीत जातं आणि सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळतं. जवळचा समुद्र म्हणाल तर तोही अडीचशे-तीनशे किलोमीटर दूर. आमच्याकडे असे अनेक म्हातारे होऊन गेले, ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही. तरी या डोंगरातला सर्वांत जुना इतिहास समुद्रामुळे घडलेला आहे, आणि त्याचा एक धागा निघतो तो थेट जपानच्या किनाऱ्यावर, देवळं, धबधबे आणि दाट अरण्य यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कुमानोच्या मुलखात. आज त्या धाग्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात पितळखोऱ्यापासून करू. कन्नडच्या पश्चिमेला, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीलगत ही लेणी आहेत. पठारावरून पायऱ्या उतरत दरीत गेलं की कड्याच्या पोटात कोरलेली चौदा लेणी दोन गटांत दिसतात. सर्वांत जुनं काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, म्हणजे अजिंठ्याच्या आरंभीच्या लेण्यांच्या बरोबरीचं. वेरूळ अजून कित्येक शतकं दूर होतं. पावसाळ्यात इथे धबधबा पाहायला गर्दी होते. लोक धबधब्यासमोर फोटो काढतात, लेण्यांवरून एक नजर फिरवतात आणि परततात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण लेणी फार पडली आहेत. इथला कातळ भेगाळ आणि ठिसूळ. चैत्यगृहाचे अष्टकोनी खांब ढासळले, दर्शनी भाग कोसळला, छताच्या लाकडी फासळ्या गेल्या आणि त्यांच्या खोबणी तेवढ्या उरल्या.

एवढ्या आडरानात, एवढ्या वाईट दगडात हे काम कुणी आणि का काढलं? उत्तर त्या खांबांवरच आहे. दान देणाऱ्यांनी आपापली नावं ब्राह्मी लिपीत कोरून ठेवली आहेत. पैठणच्या गांधिक कुळातला मितदेव, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. पैठणच्याच संघकाचे मुलगे. आणि एका विहारात राजवैद्य मगिल, आपल्या आईचं नाव लावून 'वच्छीपुत्र' म्हणवणारा. त्याची मुलगी दता, मुलगा दतक. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे एक सुखवस्तू मराठवाडी कुटुंब, बापासोबत लेकीचंही नाव दगडावर घालणारं. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये हे लेख छापले, म्हणून ते आपल्याला वाचता येतात.

पैठणच्या अत्तरवाल्याचं या दरीत काय काम? त्याचं काम रस्त्यावर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक खलाशाने व्यापाऱ्यांसाठी 'पेरिप्लस' नावाची माहितीपुस्तिका लिहिली. त्यात पैठण हे भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे असं तो सांगतो. पैठण आणि तेरहून माल गाड्यांवर घालून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात, असंही लिहितो. पैठणहून गोमेद जातीचे खडे, तेरहून कापड. भडोचहून वर काय येत असेल त्याची कल्पना मितदेवाच्या धंद्यावरून करता येते. अभ्यासकांचं मत असं की या वाटेने डोंगर उतरायचा तर तो याच भागातल्या घाटांनी. खाली खानदेशात पोचलं की पुढे तापीच्या खोऱ्याने समुद्र गाठता येई. घाटाच्या तोंडाशी पाणी, सावली आणि भिक्षूंची वस्ती असणं हे तांड्याला सोयीचं होतं, आणि तांडा जाणं-येणं हे भिक्षूंना सोयीचं होतं. टॉलेमीने आपल्या भूगोलात पेट्रिगल नावाचं एक ठिकाण दिलं आहे. ते हेच असावं असं मानतात.

पितळखोऱ्यात माझ्या मते सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे चौथ्या लेण्याचं जोतं. खाली हत्तींची ओळ, जणू सगळा विहार त्यांच्या पाठीवर तोलला आहे. दारावर भाला-ढाल घेतलेले द्वारपाल, आणि शेजारी पाच फण्यांचा नाग. हा नाग नुसता शोभेचा नाही. वरच्या कातळातून झिरपणारं पाणी आतल्या आत पन्हळ कोरून वळवलं होतं आणि ते नागाच्या फण्यांतून बाहेर पडे. ज्या पाण्यामुळे लेणं खचणार हे त्या पाथरवटांना दिसत होतं, त्याच पाण्याला त्यांनी नागाच्या तोंडून बोलतं केलं. अखेर पाणी जिंकलं, ही गोष्ट वेगळी.

१९५०च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी या लेण्यांपुढचा दगडमातीचा ढिगारा उपसला. त्यातून जी शिल्पं निघाली त्यांनी तज्ज्ञांचे डोळे दिपले. १९५९ मध्ये देशपांड्यांनी 'एन्शंट इंडिया' या सर्वेक्षणाच्या नियतकालिकात त्यांची सविस्तर हकीकत लिहिली. सापडलेल्यांत एक यक्ष आहे. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर परात धरलेला, आणि मनापासून हसणारा. त्याच्या हातावर लेख आहे: कण्हदास नावाच्या सोनाराने हा घडवला. कण्हदास म्हणजे कृष्णदास. सोन्याची नाजूक घडणावळ करणारा माणूस दगडाकडे वळला की काय होतं, ते त्या यक्षाच्या दागिन्यांवरून समजतं. हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हे हसू पुन्हा आपल्या भागातल्या कुणा शिल्पकाराला साधलं असेल असं मला वाटत नाही.

आता तो जपानकडे जाणारा धागा. 'महामायूरी' नावाचा एक बौद्ध मंत्रग्रंथ आहे. एका तरुण भिक्षूला काळा साप चावतो आणि बुद्ध त्यावर मोरांच्या राणीचा मंत्र सांगतात, अशी त्याची कथा. मोर सापाला भीत नाही, सापाचं विष पचवतो, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. या ग्रंथात मध्येच एक लांबलचक यादी येते: कोणत्या गावाचा रक्षक यक्ष कोणता. आपल्याकडे गावोगावचे म्हसोबा, खंडोबा, मारुती ओळीने मोजावेत तशी. इतिहासकारांना ही यादी म्हणजे प्राचीन भारताचा नकाशाच वाटते. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी १९१५ मध्ये तिच्यावर मोठा निबंध लिहिला. या यादीत पीतंगल्य नावाचं एक गाव आहे आणि तिथल्या यक्षाचं नाव शंकरिन. पीतंगल्य म्हणजेच आपलं पितळखोरं, असं देशपांड्यांनी मांडलं. तसं असेल तर कण्हदासाचा यक्ष हा त्या यादीतला गावदेव किंवा त्याचा भाऊबंद.

ही यादी गावाबरोबर इथेच थांबली नाही. महामायूरीचं चिनी भाषेत एकाहून अधिक वेळा भाषांतर झालं. त्यातलं सर्वांत मान्यता पावलेलं आठव्या शतकातल्या अमोघवज्र या आचार्यांचं. अमोघवज्रांच्या शिष्याकडे चीनमध्ये शिकायला जपानहून कुकाई नावाचा तरुण भिक्षू ८०४ साली गेला, दोन वर्षांनी परतला, आणि ८१६ मध्ये त्याने कोयासान या डोंगरावर आपला मठ स्थापन करायला घेतला. जपानी लोक त्याला कोबो दाईशी म्हणतात आणि आपण ज्ञानेश्वरांविषयी बोलावं तितक्या जिव्हाळ्याने त्याच्याविषयी बोलतात. महामायूरी तिथे 'कुजाकु म्योओ' झाली, मोरावर बसलेली देवता. जपानच्या रानात मोर नाही. तरी पाऊस पडावा म्हणून, आजार टळावा म्हणून तिथे या मोराची उपासना चालली. १२०० साली काइकेई या थोर शिल्पकाराने घडवलेली तिची मूर्ती कोयासानला आहे. म्हणजे पीतंगल्याच्या यक्षाचं नाव ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ पितळखोरं ओस पडल्यावरही समुद्रापलीकडच्या एका डोंगरात म्हटला जात होता.

कोयासान ज्या कीई द्वीपकल्पात आहे, त्याच्याच दक्षिण टोकाला कुमानोचा किनारा. डोंगर इथे सरळ समुद्रात उतरतात. पाऊस आपल्या कोकणासारखा. होंगू, हायातामा आणि नाची ही तिथली तीन मोठी देवस्थानं. नाचीला १३३ मीटर उंचीचा धबधबा आहे आणि त्याच्यापुढच्या देवळाला गाभारा नाही, कारण धबधबा हाच देव. वर कड्याला जाड दोर बांधलेला असतो. वर्षातून दोनदा, जुलैत आणि डिसेंबरात, पुजारी वर चढून तो बदलतात. जुलैच्या १४ तारखेला तिथे मोठमोठ्या पेटत्या मशालींचा उत्सव असतो. शेजारीच कान्नोनचं, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचं मंदिर आहे. जपानच्या पश्चिम भागात तेहेतीस कान्नोनांची यात्रा करतात, तिची सुरुवात इथून होते.

या मंदिराची दंतकथा ऐकण्यासारखी आहे. फार पूर्वी भारतातला एक साधू जहाज फुटून कुमानोच्या किनाऱ्याला लागला, नाचीच्या धबधब्याखाली त्याने तप केलं आणि तिथे त्याला कान्नोनची मूर्ती मिळाली. त्याचं नाव राग्यो, म्हणजे उघड्या अंगाचा. इतिहास म्हणून याला आधार नाही. पण आपल्या औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या कथेत नवल वाटणार नाही. तिथे दारालगत अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत: आग, चोर, बेडी, सिंह, साप, हत्ती वगैरे, आणि त्यांत एक बुडणारं गलबतही आहे. संकटात सापडलेली माणसं धावा करताहेत आणि तो प्रत्येक ठिकाणी धावून येतो आहे. समुद्रापासून इतक्या दूर, खडकाळ डोंगरात गलबत कोरायला लावणारे लोक कोण असतील? भडोच, सोपारा, कल्याणशी व्यवहार असलेले. त्यांचा देव हा वाटसरूंचा देव होता, आणि तोच पुढे नाचीला पोचला.

नाचीच्या समुद्रकाठी आणखी एक प्रथा होती, ती सांगताना अंगावर काटा येतो. कान्नोनचं निवासस्थान 'पोतलक' हे दक्षिण भारतात समुद्राजवळ आहे, असं बौद्ध ग्रंथ सांगतात. जपानी उच्चारात फुदाराकु. नाचीच्या किनाऱ्यावरचे काही भिक्षू ते गाठण्यासाठी छोट्या होडीत बसत. होडीवरची खोली बाहेरून खिळे ठोकून बंद करत. आत थोडं अन्न आणि दिव्याचं तेल. मग होडी दक्षिणेला सोडून देत. इसवी सन ८६८ पासून १७२२ पर्यंत अशा वीसेक यात्रांची नोंद सांगतात. भारताच्या दिशेने निघालेल्या त्या होड्यांतली एकही इथे पोचली नाही. ज्या किनाऱ्यावर आज प्रवासी धबधबा पाहायला, उन्हाळी झऱ्यांत अंघोळ करायला जातात, त्याच किनाऱ्यावर हे घडलं.

कुमानोला लोक समुद्रमार्गाने कमी आणि पायी जास्त गेले. बाराव्या शतकात गोशिराकावा या निवृत्त सम्राटाने क्योतोहून कुमानोची वारी तीसहून अधिक वेळा केली. पुढे सामान्य माणसांची इतकी रीघ लागली की 'मुंग्यांची रांग' ही उपमाच रूढ झाली. आपल्या पंढरीच्या वारीला जे अंगावरून गेलेलं ऊनपाऊस असतं, ते तिथेही होतं. २००४ मध्ये युनेस्कोने कीई पर्वतातल्या पवित्र स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा देवळांबरोबर जंगलातल्या फरसबंद पायवाटाही त्या यादीत घेतल्या. मला यातली पायवाटांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

मात्र हे सगळं आपोआप टिकलं असं समजू नये. १८६८ नंतर जपानी सरकारने शिंतो देव आणि बुद्ध यांची जबरदस्तीने फारकत केली. शतकानुशतकं एका अंगणात नांदलेली देवळं वेगळी झाली. मग १९०६ मध्ये लहान देवळं मोठ्यांत विलीन करण्याचा आदेश निघाला. कारण काटकसरीचं दिलं होतं. पण देऊळ गेलं की त्याची देवराई मोकळी होई आणि तिथली शेकडो वर्षांची झाडं लाकूडवाल्यांना विकली जात. देशभरात सत्तर हजारांच्या आसपास देवळं अशी गेली, आणि कुमानोच्या बाजूला हा तडाखा सर्वांत जोरात बसला.

त्याविरुद्ध उभा राहिला मिनाकाता कुमागुसु. १८६७चा जन्म, अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून-वाचून आलेला, बुरशी आणि शेवाळासारख्या क्षुद्र जिवांचा अभ्यास करणारा, अत्यंत तापट माणूस. परतल्यावर तीनेक वर्षं त्याने नाचीच्या अरण्यात नमुने गोळा करत काढली होती. त्याने वर्तमानपत्रांत लेखांमागून लेख लिहिले. म्हणणं साधं होतं: देवराई तोडली की तिथला जीव मरतो, झरा आटतो आणि गावाचं एकत्र येणंही संपतं. १९१० मध्ये देवळांच्या विलीनीकरणाच्या बाजूने भरलेल्या एका सभेत घुसून त्याने दंगा केला आणि अठरा दिवस तुरुंगात काढले. १९२० पर्यंत ते धोरण मागे पडलं. नाचीचं अरण्य आज उभं आहे त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची शास्त्रीय नोंद केली, त्याच्या साठ वर्षं आधीची ही गोष्ट.

आता पुन्हा आपल्या डोंगरात येऊ. इथेही अरण्य आहे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून इथे आला, तेव्हा कित्येक दशकांनी या रानात वाघ दिसला. इथे वाटही आहे. पितळखोऱ्याच्या खाली, खानदेशच्या बाजूला पाटणादेवी. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्याला मिळालेल्या दानाचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. त्यात बाजारातल्या मालावरची पट्टी, घाण्यामागे तेल असे हक्क मठाला दिले आहेत, आणि तो भाग तेव्हाच्या मराठीत आहे. पितळखोऱ्याला पैठणच्या गांधिकाने खांब दिला. हजार-बाराशे वर्षांनी त्याच डोंगराच्या पायथ्याशी बाजाराने गणिताची शाळा पोसली. इंग्रजी अमदानीत जवळच जो घाट बांधला त्याला भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रमचं नाव पडलं, आणि वाहतूक तिकडे गेली. ३१ ऑगस्ट २०२१च्या पावसात त्या घाटात दरडी कोसळल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथून जड वाहनं बंद केली. बोगद्याची चर्चा अनेक वर्षं ऐकतो आहोत.

अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी १९९०च्या दशकापासून जपानने मोठं कर्ज दिलं, त्यातून रस्ते झाले, झाडं लागली. जपानकडून पैशाखेरीज घेण्यासारखी दुसरी गोष्ट ही पायवाटेची होती. पाटणादेवीहून डोंगर चढून पितळखोऱ्याला येण्याची जी जुनी दिशा आहे, ती खुणा करून, पाण्याच्या जागा नीट करून, वनखात्याच्या नियमांत राहून चालण्यासाठी खुली ठेवावी. वाटाड्यांचं काम पायथ्याच्या गावांतल्या आणि तांड्यांवरच्या पोरांना द्यावं. त्या वाटेने खालून चढत आलेल्या माणसाला हत्तींची ओळ समोर दिसेल तेव्हा ती कशासाठी कोरली, हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही. आणि दुसरी मागणी लहान आहे. कण्हदासाच्या यक्षाची एक चांगली दगडी प्रतिकृती करून ती कन्नडला ठेवावी. मूळ मूर्ती दिल्लीत सुरक्षित आहे, ती तिथेच राहू दे. पण आमच्या शाळांच्या मुलांनी तो यक्ष अजून पाहिलेला नाही, आणि दिल्लीची सहल प्रत्येकाला परवडत नाही.